थोरली सोनलव

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मात एकही झाड मुळासकट उपटलं नाही. माणूस वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, उभं आयुष्य सह्याद्रीत झाडं गोळा करण्यात गेलेलं, आणि मूळ उपटायचं नाही म्हणे. कांदा नाही, बटाटा नाही, दिवस मावळायच्या आत जेवण, हे आमच्याकडच्या बहुतेक जैन घरांत असतंच. पण आप्पांनी तो नेम रानातही नेला. फांदी कापायचे, तीसुद्धा झाडाची मनात क्षमा मागून. मग ती कागदात दाबायची, वाळवायची, जाड शीटवर चिकटवायची आणि खाली नाव लिहायचं. इतर ठिकाणी छोट्या झाडाचा नमुना म्हणजे मूळ, खोड, पान, फूल सगळं आलं. आमच्याकडे मूळ सोडून सगळं.

चातुर्मासात तर तेवढंही नाही. पावसाचे चार महिने हिरव्याला कात्री लावायची नाही. त्यामुळे आप्पांच्या सगळ्या शीट दिवाळीनंतरच्या. मी एकदा चिडवलं होतं, "आप्पा, सगळं रान पावसात फुलतं आणि तुम्ही घरात. लग्न आटोपल्यावर मांडवात जायची ही कुठली तऱ्हा?"

"जेवण चुकतं गं," ते म्हणाले, "पण नवरानवरी भेटतात की."

कुणाला वाटेल, ही म्हातारी बापाच्या आठवणी काढत बसली. तसं नाही. पुढे जे झालं ते आप्पांच्या या दयेतूनच झालं, आणि त्यात माझ्या नवऱ्याचा जीव पणाला लागला.

मी सुनेत्रा मगदूम. कोल्हापुरातल्या ज्या कॉलेजात आप्पा होते, तिथंच त्यांच्यानंतर वाळवलेल्या झाडांचा संग्रह मी सांभाळला, निवृत्त होईपर्यंत. माझा नवरा जयपाल. उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप. पंपाचे शाफ्ट, बुश, असलं काम. त्यांचा सगळा जीव मोजमापात. खिशात पेन नसेल, पण मायक्रोमीटर असणार. केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी जॉब भंगारात. आमचं लग्न झालं तेव्हा ते आप्पांना म्हणाले होते, "तुमच्या झाडांचं एक पान दुसऱ्यासारखं नसतं. आमच्याकडे असला माल कुणी घेणार नाही."

पन्नाशी ओलांडल्यावर त्यांचा उजवा हात कापायला लागला. त्यांच्या वडिलांचाही तसाच कापायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं ते दिवसभर पेंगायचे. लेथवर पेंगून कसं चालेल? म्हणून मी सोनलवेचा काढा सुरू केला.

गगनबावड्याकडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळ पठारांवर, हे झुडूप येतं. पानाच्या पाठीवर बारीक सोनेरी लव, म्हणून सोनलव. हिच्या दोन जाती, थोरली आणि धाकटी. ही नावं तिथल्या धनगरांनी ठेवलेली. हाताचा कंप कमी करणारं द्रव्य दोघींच्या पानांत असतं. पण धाकटीत त्याच्या सोबतीला आणखी एक द्रव्य असतं, ते यकृतात साचत जातं आणि कुणाला पत्ता न लागता यकृत निबर करून टाकतं. म्हणजे धाकटी घेतली तरी आधी बरंच वाटणार. गोम सगळी तिथं आहे.

पानांवरून दोघी ओळखाव्यात तर तोंडाला फेस येतो. सावलीत पान रुंद, उन्हात अरुंद. पावसात पातळ आणि मऊ, दिवाळीनंतर जाड आणि चामट. शेळीनं खुडलं तर नवा फुटवा तिसऱ्याच तोंडवळ्याचा. थोरलीच्या एकाच झुडपावरून मी दोन्ही बहिणींची पानं तोडून दाखवीन. माणसांतही सख्खे भाऊ एकमेकांसारखे दिसत नाहीत आणि मावसभाऊ जुळा वाटतो, तसंच. झाड बिचारं जागा बघून, पाणी बघून अंग धरतं. त्यात कमीजास्त होणं हाच त्याच्या जगण्याचा मार्ग. फरक पडत नाही तो फक्त मुळात. थोरलीच्या मुळाला नख लावलं की आत पिवळं धमक. धाकटीचं पांढरं.

मग मूळ न उपटणारे आप्पा दोघी ओळखायचे कशा? मी लहानपणी बघितलंय. इकडंतिकडं बघायचे, खाली बसायचे, बुंध्याजवळची माती बोटानं उकरायचे, मुळाच्या मानेला नख लावायचे, रंग बघायचे आणि माती परत थोपटून ठेवायचे. मग फांदी कापायचे. शीटवर नाव बरोब्बर लिहायचे, पण मूळ बघितलं हे लिहायचे नाहीत. मुळाला नख लावणंही त्यांच्या मनाला खात असणार. पुरावा तिथं मातीतच राहिला.

आमची लेक सन्मती, आम्ही सनू म्हणतो. आजोबांचं झाडांचं वेड आणि बापाचं मोजमापाचं वेड, दोन्ही तिच्यात आलं. पुण्याच्या एका कंपनीत तिनं पानपारख बनवलं. तळहाताएवढं यंत्र. त्याच्यापुढे पान धरलं की ते पानाच्या कडेवरचे शेकडो बिंदू मोजतं, शिरांमधले कोन मोजतं, लव किती दाट, पानाची छिद्रं केवढी, सगळं. मग आपल्या पोटातल्या हजारो पानांशी ताडून बघतं आणि जात सांगतं. औषधी झाडाला हिरवा दिवा, चुकीच्याला लाल. पूड झालेलं पानसुद्धा लवेवरून ओळखतं. आणि त्याच्या पोटातली ती हजारो पानं कुठली? आप्पांच्या शीटवरची. सनूनं एकेक शीटचं चित्र स्वतः घेतलं होतं. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. सगळ्या नातेवाइकांना फोन केले होते.

त्याच सुमारास बनावट जडीबुटी खाऊन माणसं दगावल्याच्या बातम्या येत होत्या. सरकारनं कायदा केला. पानपारखचा शिक्का असल्याशिवाय वनौषधी विकायची नाही, ठेवायची नाही. शिवाय जंगल वाचावं म्हणून मुळं काढायला बंदी, फक्त पानं घ्यायची. कायदा वाचून मीच म्हटलं होतं, आप्पांना किती बरं वाटलं असतं.

कायद्याला काही वर्षं झाल्यावर एका आषाढात सनू घरी आली. जेवणं झाल्यावर तिनं मजेत यंत्र काढलं आणि माझ्या गच्चीवरच्या कुंडीतल्या सोनलवेचं पान त्याच्यापुढे धरलं. लाल दिवा. ‘धाकटी सोनलव. औषधास अयोग्य.’

"हे चुकलं," मी म्हटलं.

"आई, ते आप्पांकडूनच शिकलंय."

"आप्पांनी पावसात एक पान तोडलेलं नाही. पावसातली थोरली तुझ्या यंत्रानं जन्मात बघितलेली नाही. कुंडीत मी लावलंय ते, मूळ बघून लावलंय. पिवळं आहे."

"अगं, एका कुंडीवरून सगळं यंत्र चुकीचं कसं ठरवायचं?" ती म्हणाली. आवाजात चीड नव्हती, समजूत घालणं होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

जयपाल खुर्चीतून म्हणाले, "सुनेत्रा, मायक्रोमीटरशी भांडून जॉब बसतो होय?"

"जॉब तुम्ही बनवता. झाड कुणी मापानं बनवलेलं नाही."

"म्हणून तर मोजायला पाहिजे की."

दुसऱ्या दिवशी मी काढा दिला तर पेला बाजूला सारला. "पोरीचं यंत्र लाल दाखवतंय आणि तिचाच बाप ते पितोय, असं झालं तर तिला कोण विचारेल?" संध्याकाळी बाजारातून शिक्क्याचं पाकीट घेऊन आले. मीही फार ताणलं नाही. यंत्र खऱ्या थोरलीला नाकारतंय, एवढीच चूक मला दिसत होती. पाकिटात असणार ती थोरलीच, असं मी धरून चालले.

आणि हात थांबला. अगदी पहिल्यासारखा. ते परत लेथवर उभे राहायला लागले, आटे कापायला लागले. एक दिवस चकाकणारा बुश घरी आणून माझ्या हातात ठेवला. "मोज," म्हणाले. मला काय मोजता येतंय, पण मी मोजल्यासारखं केलं. त्यांचा चेहरा बघून पोट भरलं माझं.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या आसपास त्यांचं जेवण तुटलं. भाकरीचा चतकोर पुढ्यात घेऊन बसायचे. मग डोळे पिवळे दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, यकृताला सूज आहे. मी सोनलवेचं सांगितलं. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. "शिक्का आहे की यावर. मग हे कारण नव्हे. दारू घेतात का?" जयपालनी आयुष्यात दारूचा वाससुद्धा घेतलेला नाही. मी पाकिटावरचा लागवडीचा पत्ता बघितला आणि सकाळच्या विजेच्या एसटीनं गगनबावडा गाठलं.

यशवंत शिंत्रे नावाचे शेतकरी. भला माणूस, आधी चहा पाजला. डोंगराच्या उतारावर नजर जाईल तिथवर सोनलव, सगळी एका उंचीची, अरुंद जाड पानांची. मी म्हटलं, इतकी एकसारखी सोनलव मी कधी बघितली नाही.

"पैल्यांदा न्हवती तशी," शिंत्रे म्हणाले. "डोंगरातनं जी मिळतील ती रोपं आणून लावली. मशीन फिरवलं. लाल निघाली ती उपटून टाकली, हिरवी निघाली तिचं बी धरलं. दर साली तेच. आता बघा, सगळा माळ हिरवा दाखवतोय. सगळीकडं आमचंच बी जातंय, बाई."

मी खाली बसले, बुंध्याजवळची माती उकरली, मुळाला नख लावलं. पांढरं. पुढचं झाड, पांढरं. त्या ओळीतली, पलीकडच्या ओळीतली, बांधाकडची. सगळी पांढरी.

शिंत्रे कावरेबावरे झाले. "मुळाला हात लावायला बंदी हाय बाई, कोण बघंल."

तिथं त्या मातीत बसूनच मला सगळा उलगडा झाला. आप्पांची थोरली म्हणजे दिवाळीनंतरची, अरुंद आणि जाड पानांची. यंत्रानं तेवढंच रूप थोरलीचं मानलं. शेतात पाणी आणि खत मिळालं की थोरली बारा महिने पावसाळ्यासारखी रुंद, मऊ पानं धरते. यंत्र तिला लाल म्हणतं. उघड्या उन्हात धाकटीचं पान मात्र आखडतं, जाड होतं. यंत्र तिला हिरवं म्हणतं. शिंत्र्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. यंत्राला जे आवडलं ते त्यांनी वाढवलं, न आवडलं ते उपटलं. पिढ्यान्‌पिढ्या असं केलं की यंत्राच्या मनासारखं झाड तयार होणारच. वेगळी निघाली म्हणून खरी थोरली शेतातून संपली आणि पाकिटापाकिटातून धाकटी लोकांच्या पोटात चालली होती. त्यात माझ्या माणसाच्याही.

घरी येऊन मी जयपालना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सनू म्हणू दे. मग सोडतो."

सनूला फोन केला. ती म्हणाली, "आई, मी शेतातली पानं मागवून परत तपासते. तोवर बाबांचं औषध थांबवू नकोस. कंप परत आला आणि लेथवर हात गेला तर?" तिचं चुकलं असंही म्हणता येत नाही. डॉक्टर तेच म्हणत होते. तिनं पानं मागवली आणि तपासली कशानं, तर पानपारखनंच. सगळी हिरवी. मग दुसऱ्या गावची मागवली. तीही हिरवी. ज्याच्यावर संशय त्यालाच साक्षीला बोलवायचं, आणि ही माझी शिकलेली पोर.

शेवटी मी पाकिटातली पूड ओतून टाकली आणि कुंडीतल्या पानांची पूड त्यात भरली. जयपाल आजारी असले तरी डोकं फिटरचं. जॉब गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघितल्याशिवाय पुढे द्यायचा नाही, ही आयुष्यभराची सवय. सनूनं एक यंत्र त्यांच्याजवळ देऊन ठेवलं होतं, रोज पूड घ्यायच्या आधी तिच्यावर ते धरायचे. लाल दिवा लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"चोरून देतेस मला?"

"तुम्ही मराल अशानं," मी म्हटलं. रडतच म्हटलं.

"मग तुझ्या शब्दावर जगू आणि पोरीला खोटी पाडू?" त्या दिवसापासून ते पाकीट कपाटात कुलपात ठेवायला लागले. पेला स्वतः विसळायचे, काढा स्वतः उकळायचे. पिवळ्या पडलेल्या हातांनी, पण न कापणाऱ्या. मी नुसती दाराशी उभी राहायची. शिव्या द्याव्यात, पाया पडावं, काय करावं कळायचं नाही. दोन्ही करून झालं होतं.

मी सनूला शेवटचं सांगितलं, "यंत्र घरी ठेव आणि स्वतः ये. नाही आलीस तर मी तुझी आई नाही." ती आली. मी तिला तशीच गगनबावड्याला नेली. तिला शिंत्र्यांच्या शेतात खाली बसवलं आणि म्हटलं, लाव नख. तिनं लावलं. एका झाडाला, दुसऱ्याला, मग ओळीनं लावत सुटली. परत येताना एसटीत तिनं तोंड खिडकीकडे केलं होतं आणि नखांतली माती काढत होती.

घरी येऊन ती बापाच्या पायाशी बसली. "बाबा, आईचं खरं आहे. ते घेऊ नका."

जयपालनी हातातला पेला खाली ठेवला. इतके दिवस मी जे डोकं आपटून मिळवू शकले नव्हते, ते एका वाक्यात झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मला दोघांचाही संताप आला.

फार उशीर झाला होता. यकृत कामातून गेलेलं. औषध थांबल्यावर हात परत कापायला लागला, इतका की पाणीसुद्धा मी पाजायची. उन्हाळा लागला आणि ते अंथरुणाला खिळले. शेवटी शेवटी सनूला जवळ बोलवून म्हणाले, "गेज चुकलं की काय करतात, तुला शिकवलंय नव्हं मी?"

"गेज टाकून देतात, बाबा."

"जॉब टाकतात का?"

"नाही."

"मग लक्षात ठेव." एवढंच म्हणाले. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी गेले.

पावसाळ्यात सरकारनं समिती नेमली. मी तक्रार केली होती, सनूही यंत्र बनवणारी म्हणून समितीत होती. मी दोन झाडं मुळासकट नेली, एक माझ्या कुंडीवरून केलेलं कलम, एक शिंत्र्यांच्या शेतातलं. आप्पांची लेक असून मुळासकट. पिवळं आणि पांढरं टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. अध्यक्ष डॉक्टर हेरवाडकर म्हणून होते, अगदी मृदू बोलणारे.

"मॅडम, या दोन जाती आहेत हे मान्य. डीएनएही तेच सांगतं. पण यातली थोरली कुठली?"

"पिवळ्या मुळाची."

"कुठं लिहिलंय?"

ही शास्त्रातली रीत समजून घ्यायला हवी. कुठल्याही वनस्पतीचं नाव एका वाळलेल्या नमुन्याला बांधलेलं असतं. ज्यानं जात पहिल्यांदा शास्त्रात नोंदवली त्यानं ठेवलेला तो नमुना. वाद झाला की तो काढून बघायचा. थोरली सोनलव शास्त्रात नोंदवली ती आप्पांनीच. म्हणजे नमुना आप्पांची शीट. तिला मूळ नाही. वर्णनात मुळाचा उल्लेख नाही. डीएनए काढावा तर कीड लागून मारायची वेळच येऊ नये म्हणून आप्पांनी शीट विषाच्या पाण्यात बुडवून काढलेली, त्यात वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. राहिलं फक्त पान. दिवाळीनंतरचं, अरुंद, जाड.

हेरवाडकरांनी ती शीट पानपारखपुढे धरायला सांगितली. हिरवा दिवा. ‘शेतातल्या मालाशी जुळते.’ जुळणारच. धाकटीला तसं घडवलंच होतं.

"म्हणजे लागवडीत आहे तीच थोरली," हेरवाडकर म्हणाले. "तुमची पिवळ्या मुळाची ती धाकटी. यकृताचं म्हणाल तर मात्रा निम्मी करायची सूचना पाकिटावर छापू. मॅडम, लाखो लोक हे घेताहेत, हजारो शेतकरी लावताहेत. नाव हलवलं तर सगळंच हलेल."

मी सनूकडे बघितलं. वर्णनात मूळ नसलं तरी तिनं ते स्वतःच्या नखांनी बघितलं होतं. ठरावाला हात वर करा म्हटल्यावर एकेक हात वर गेला. तिचा सगळ्यांत शेवटी गेला, पण गेला.

बाहेर व्हरांड्यात मी तिला धरलं. "बापानं मरताना काय सांगितलं होतं तुला?"

"आई," ती म्हणाली, "थोरली तू म्हणतेस ती, असं लिहून देते. मग पुढचं वाक्य काय लिहू? माझ्या यंत्रानं बाबांना मारलं, असं लिहू? ते लिहून मी उद्या उठायचं कसं, ते सांग. सांग, मी आत्ता आत जाते."

मी तिचा हात सोडला. ती आत गेली नाही.

त्यानंतर बरेच दिवस आमचं बोलणं नव्हतं. दिवाळीला मात्र ती आली. मी चहा दिला. तिनं कप दोन्ही हातांनी धरला. चहा अर्धवट थंड झाल्याशिवाय उचलला नाही, आणि उचलला तेव्हा बशीवर वाजला. हा आवाज मी या घरात वर्षानुवर्षं ऐकलाय.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पावसाळ्यापासून. त्या मीटिंगच्या आधीपासूनच थोडं थोडं."

"शिक्क्याचं घेतेस?"

तिनं मान हलवली. नाही. मग गच्चीच्या जिन्याकडे बघितलं आणि खाली बघत म्हणाली, "आई, कुंडी आहे ना अजून?"

असं वाटलं, एक मुस्काटात द्यावी. असंही वाटलं, जवळ घ्यावं. दोन्ही केलं नाही. तिला वर घेऊन गेले. "उकर," म्हटलं. तिनं कापणाऱ्या बोटानं माती उकरली, मुळाला नख लावलं. पिवळं धमक.

"आता नाव सांग हिचं."

समितीच्या ठरावाप्रमाणे ती धाकटी, घातक, घरात ठेवायलाही बंदी असलेली. ठरावावर सही तिची.

"थोरली," ती म्हणाली, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं.

"हेच समितीत म्हण."

"आई, नको ना."

तिनं मुळावर माती ओढली आणि आप्पा थोपटायचे तशी थोपटली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी कात्री आणली आणि पानं कापली. काय करणार, आई आहे.

आता तिचा हात बरा आहे. पानपारख देशभर गेलंय, तिला मोठा पुरस्कार मिळाला, समारंभात दिवा लावतानाची चित्रफीत मी बघितली. हात जरासुद्धा हलला नाही. शिंत्र्यांनी आणखी जमीन घेतली आहे. आमच्या गल्लीतले तिघंजण शिक्क्याची सोनलव घेतात. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगितलं. ते म्हणतात, मावशी, तुमच्या पोरीनंच तर शिक्का दिलाय, आणि तिचा हात बघा कसा आहे.

कुंडीतली पानं सावलीत वाळवून मी पूड करते आणि डब्यात भरते. शिक्का नसलेली सोनलव कुरियरवाले घेत नाहीत, म्हणून वर चहाचा मसाला असं लिहिते. दर महिन्याला पुण्याला पाठवते. मला कलमं करता येतात, पण ती लावायला जागा द्यायला कुणी तयार नाही, बंदी आहे ना. कुंडी एकच. तिच्यातून एका माणसापुरतं निघतं.